पाकिटातला पाचवा पेपर

सर, ते पाकीट मी फोडलं होतं. तुमच्याच स्वयंपाकघरात, चहाच्या आधणाच्या वाफेवर. घरच्या बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या, तुमी आंघोळीला गेलेले. उत्तरांची अ-ब-क-ड अक्षरं कागदावर उतरवली, भाताच्या शितानं पाकीट परत चिकटवलं, वर तुमचाच चहा पिऊन गेलो. तेव्हा लय मजा वाटलेली. आता आठवलं की थुंकावंसं वाटतं.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे सराव पेपर होते ते, परीक्षावाल्यांनीच फॉर्मबरोबर पाठवलेले. पाच. अख्ख्या दांडी गावातून बसणारे आमी दोघंच, मी आणि ती सुक्या मासळीवाल्याची पोर. चार पेपर तुमी घड्याळ लावून सोडवून घेतले. पाचवा उत्तरांच्या कागदासकट पाकिटात बंद केलात. "हा शेवटच्या रविवारी. तोवर कोणी बघायचा नाही. आपण कुठे आहोत, ते ह्या एकाच पेपरावर कळणार आहे."

ती चुकलेला प्रश्न वहीत लिहायची, का चुकला ते खाली लिहायची, आठ दिवसांनी परत सोडवायची. मी म्हणायचो, "चुका सुकवून विकणार हायस काय गो?" ती म्हणायची, "मेल्या, तू तुझं बघ."

रविवारी मी दोन मुद्दाम चुकवले, संशय नको म्हणून. बाकी सगळे बरोबर. तिचे अर्धेच आले. तुमी तिला म्हणालात, "अगं, ह्या गधड्याला एवढं जमलं म्हणजे पेपर सोपाच होता. तुला काय झालं?" ती खाली मान घालून वहीत लिहीत बसली. तिचा बा दारातच उभा, तिला न्यायला आलेला. "सर, खरं सांगा. पोरीचं होल का?"

"यंदा नाही वाटत. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कोन बघतो, सर?"

परीक्षेला ठाण्याला मी एकटाच गेलो. पेपर सुटल्यावर बाहेर सगळी पोरं बोलत होती, सरावाचा पाचवा पेपर ह्याच्याहून कठीण होता. तो अर्धा सोडवणारी ह्यातून सहज निघाली असती. मला पहिल्या पानावरचं एक पण येत नव्हतं. दोन महिन्यांत तिचं लगीन झालं, घिवलीला.

स्वतःची किळस येतेच, सर, पण तुमचा पण राग येतो. माझ्यासारख्या चोराची फूटपट्टी लावून तिला मोजलंत. एकदा विचारायचंत, "हे उत्तर कसं काढलंस रे?" मी तिथंच पकडलो असतो.

आता मी सालवडला राहतो, कारखान्यात पिंपं ढकलतो. ती बोयसरच्या बाजारात बसते. परवा लांबूनच ओरडली, "ये रे इंजिनिअर, बोंबील घे! काय डोकं होतं तुझं, वाया घालवलंस." बोंबील घरी आणले, शिजवले आणि सगळे मांजराला घातले.

तुमी गेलात, तुमच्या मागून तिचा बा पण गेल्या महिन्यात वारला. आता तिकडं तुमाला शोधत येल. मरेपर्यंत सांगत होता, सरांनी वेळेवर खरं सांगितलं, पोरीची फजिती वाचली. हा कागद मी फाडणारच हाय. पण तुमाला आधीच कळलं असलं, तर पाया पडतो सर, त्याला सांगू नका. कोणालाच सांगू नका.