उजवीकडेच वळणारी गाडी

१४ नोव्हें. २००६, मंगळ.

कॉलेज सुटल्यावर सलीममिस्त्रींना घेऊन आमच्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, गेले. ताडपत्री काढली. मामंजींची लाल गाडी. दोन दारं, दोनच सीटा, कापडी टप मागे पडणारा. अख्खं दिग्रस हिला बुटकी म्हणतं. मुंबईच्या कुणा साहेबाकडून घेतली तेव्हा कापसाला भाव होता, जिन रात्रीचंही चालायचं. आता चौथा हंगाम जिनाला कुलूप आहे. राखण करायला किसनभाऊ आणि त्यांची शेळी.

नागपूरचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. गाडी चालू असेल आणि खरंच इतकी कमी फिरलेली असेल तर घेतो म्हणाले. १० डिसेंबरला, रविवारी, बघायला येणार. विलासला बियाण्यांच्या दुकानातून मान वर करायला फुरसत नाही. "तू फिजिक्स शिकवतेस ना, मंग पाहा." झालं, काम माझ्या गळ्यात. खरं सांगायचं तर मला हवंच होतं.

मीटरवर १२,४०७. वि.ला आकडा तोंडपाठ. त्याच्या वडिलांना, मामंजींनाही असायचा. रोज संध्याकाळी काच पुसून वाचायचे. गाडी चालवायची नसते, जपायची असते, हा त्यांचा खाक्या. लग्नानंतर एकदा मी 'बसू का?' विचारलं तर म्हणाले, पदराच्या जरीने सीटला ओरखडे पडतात. अजून राग येतो.

१६ नोव्हें., गुरु.

सलीमभाई ट्रॅक्टरवाले, पण हात हळुवार. त्यांचं निदान: ब्रेकचं तेल काळंठिक्कर, सगळे रबरी वायसर कडक, पाण्याचे पाइप हात लावताच तुटतात, फॅनबेल्टला भेगा, पेट्रोलच्या टाकीत डिंक. मी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते. वैतागत नाहीत बिचारे.

इंजिन जाम असेल असं धरून प्लग काढले, आत थोडं तेल सोडलं होतं परवाच. आज पाना लावला. हलक्या हाताने फिरलं. सलीमभाई मात्र खूश दिसेनात. मग तेलाची काडी काढून माझ्यासमोर धरली.

"मॅडम, हे नऊ साल जुनं तेल नाई. कोणीतरी ही गाडी चालू करून राह्यलं होतं."

मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर किल्ली फिरवलेली नाही, वि. शपथेवर सांगतो. किसनभाऊ शेजारीच उभे होते. त्यांना विचारलं तर शेळी सुटली म्हणून गेले. शेळी बांधलेली होती.

१८ नोव्हें., शनि.

शनिवार, म्हणजे आईंचा मारुती. जिनाच्या आवारात मधोमध कडुनिंबाखाली मारुतीचं छोटं देऊळ आहे. जिन चालू असताना पूजा सगळ्यांची होती, आता एकट्या आईंची, माझ्या सासूबाईंची. मागच्या साली गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ऑटोने जातात, पण शनिवार चुकत नाही. वाती घरच्या, कापूस हाताने वेचून. मशीनच्या कापसाची वात चरचरते म्हणतात.

आज पूजा झाल्यावर गाडीपाशी आल्या. गाडी विटांवर, चाकं काढलेली. बराच वेळ पाहत राहिल्या. मग सलीमभाईंना म्हणाल्या, "ब्रेकही पाहजो बापा. दाबला का उजवीकडं ओढते."

हे आईंना कसं माहीत? मामंजींनी सांगितलं असेल कधी. सांगितलं असेल?

२१ नोव्हें., मंगळ.

वर्गात निम्मी बाकं रिकामी, पोरं वेचणीला. उरलेल्यांना वर्तुळाकार गती शिकवली. त्याचं कारण असं.

चारही टायर जुने, बदलावे लागणार. पण त्यातला पुढचा डावा बाहेरच्या कडेने घासून गुळगुळीत. बाकीच्या तिघांची नक्षी शाबूत. सलीमभाईंना वाटलं चाक वाकडं बसलंय. दोरी लावून मोजलं, सरळ आहे. ते म्हणाले, कंपनीचा टायरच असा असेल. मला पटेना. संध्याकाळी लाइट गेल्यावर कंदिलाच्या उजेडात आकृती काढत बसले. गाडी उजवीकडे वळली की भार पडतो पुढच्या डाव्या चाकावर, त्याच्या बाहेरच्या कडेवर. एक-दोन वळणांनी काही होत नाही. पण गाडी जन्मभर उजवीकडेच वळली असेल तर?

अशी कुठली गाडी असते? घाण्याचा बैल असतो. वि.ला सांगितलं. तो म्हणाला, तुला परीक्षेचे पेपर नाहीत का तपासायला?

२३ नोव्हें., गुरु.

आजचं नीट लिहून ठेवते.

डॅशबोर्डच्या मागून सलीमभाईंनी मीटरची केबल बाहेर ओढली. ती तुटलेली नाही. कुणीतरी काढून ठेवलीय. टोकाला कापूस गुंडाळून वर सूत बांधलेलं, धूळ जाऊ नये म्हणून. म्हणजे चाकं फिरली तरी आकडा हलणार नाही. १२,४०७ हा आकडा कधीपासून थांबलाय कोण जाणे.

सलीमभाईंनी विचारलं, जोडू का? म्हटलं, नको, तशीच लटकू द्या. आणि कुणाला बोलू नका. ते म्हणाले, मी काहून बोलू मॅडम, माह्या धंद्यात मीटरबद्दल बोलाचंच नसते.

कापूस पर्समध्ये घेऊन आले. लांब, स्वच्छ, सरकीचा कण नाही. घरी आल्यावर देवघरात गेले आणि वातींच्या डब्यातला चिमूटभर त्याच्या शेजारी ठेवला. दोन्हींत काडीचा फरक सापडेना.

२५ नोव्हें., शनि.

कळलं!

आईंबरोबर मीही जिनात. त्या काठी टेकत मारुतीला प्रदक्षिणा घालत होत्या, मी ओट्यावर उभी. पूर्वी ज्या ओट्यावर कापसाच्या गंज्या लागायच्या, तो. वरून आवार दिसतं. सगळीकडे गवत माजलंय. फक्त देवळाभोवती, कडुनिंबाला बाहेरून घेऊन, एक मोठी गोल पट्टी आहे जिथे गवत खुरटं आहे. आईंची पायवाट त्याच्या आत, वेगळी. बाहेरची पट्टी दोन चाकोऱ्यांची.

देव उजव्या हाताला ठेवायचा. म्हणून उजवीकडे. म्हणून डावा टायर. मी एकटीच मोठ्याने हसले, शेळी दचकली. किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, चाकोरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मले नका विचारू मॅडम. बाईलेच विचारा."

२६ नोव्हें., रवि.

वि. दुकानात. आई मेथी निवडत होत्या. मी समोर बसून निवडायला लागले आणि सरळ विचारलं. त्या लाजल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वि. शाळेत होता तेव्हापासूनचं आहे म्हणे. मामंजी कापसाच्या गाठींच्या सौद्यांसाठी अमरावती-मुंबईला गेले की किसनभाऊ, जे तेव्हा जिनाचा ट्रॅक्टर चालवायचे, ते केबल सोडायचे आणि आई गाडी काढायच्या. शनिवार असेल तर शनिवार, नाही तर कुठलाही वार. मामंजी गेल्यावर दर शनिवारी. पेट्रोल किसनभाऊ डबकीत आणायचे, तेलही तेच बदलायचे. गुडघ्यापायी बंद पडलं. लायसन्स? देवाच्या आवारात कोण विचारते, म्हणाल्या.

विचारलं, मग नेहमी उजवीकडेच का? कोणी बघत नव्हतं, कधी तरी उलटं फिरावंसं नाही वाटलं? तर हातातली जुडी खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काही शिकवलेलंच नाही कुणी.

"देवाले उलटी प्रदक्षिणा घालतेत का कोणी?"

आणि फाटकाबाहेर? कधीच नाही. तिथे डाव्या बाजूला वळावं लागतं. उजवीकडे रस्ता संपतो, नुसतं शेत. "मले डावीकडं येतच नाई," म्हणाल्या.

मला हसू आलं आणि मग रागही आला, तो लिहून टाकते. सोळा वर्षं एका घरात आहोत. मामंजींनी मला त्या सीटवर बसू दिलं नाही त्या दिवशी आई स्वयंपाकघरात होत्या, ऐकत होत्या. एकदा नेलं असतं बरोबर तर काय बिघडलं असतं? बोलले तसं. त्या म्हणाल्या, तुले सांगतलं असतं तर तुह्या पोटात राह्यलं नसतं. खरं आहे. तरी वाईट वाटलं.

विलासला सांगू नको म्हणाल्या. वडिलांनी गाडी कशी जपली हे तो लोकांना सांगत असतो. मी विचारलं, गाडी विकली तर तुम्हाला चालेल? तर मेथी धुवायला उठल्या.

३० नोव्हें., गुरु.

गाडी चालू झाली! नवे टायर, नवा बेल्ट, टाकी धुतली, पॉइंट घासले. पाण्याचा पाइप ट्रॅक्टरचा कापून बसवला. ब्रेकचे वायसर कुठेच मिळेनात, शेवटी यवतमाळला एका भंगारवाल्याकडे दुसऱ्याच गाडीचे मिळाले, चपखल बसले. आता ब्रेक सरळ लागतो. आवाज असा की पोटात गुदगुल्या होतात.

वि. दुकान सोडून आला. डोळ्यांत पाणी. काच पुसून आकडा वाचला, लगेच नागपूरला फोन. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, केबल सुटलेली सापडली, आकडा खरा नाही. किती खोटा तेही कळायचं नाही.

तो हसला. "नऊ वर्सापासून बंद हाये गाडी. सुटली असंन कधी. जोडून दे." खरेदीदाराला सांगायला हवं म्हटलं. "कायले सांगाचं? बाबांनी चालवलीच नाई. मले माहीत नाई का?"

खरं सांगावं तर आईंचा शब्द मोडतो. न सांगावं तर एका परक्या माणसाच्या गळ्यात खोटा आकडा मारतोय. आणि गाडीही जाते. आईंची गाडी. आता मला ती मामंजींची म्हणवत नाही.

२ डिसें., शनि.

आईंनी गाडी चालवली. मी शेजारी.

आधी दिवा लावला. मग पदर खोचला, गाडीच्या दाराशी चपला काढल्या. प्रदक्षिणा आहे ना, म्हणाल्या. अनवाणी पायांनी क्लच. गुडघा दुखत होता, चेहऱ्यावर दिसत होतं, पण गिअर असा टाकला की मला माझ्या स्कूटीची लाज वाटली. मारुती सतत त्यांच्या उजव्या हाताला, खिडकीतून शेंदूर दिसत राहायचा. मला वाटलं होतं मजा वाटत असेल त्यांना. मजा नव्हती ती. घरात मी त्यांना कधी इतकं शांत पाहिलेलं नाही.

थांबल्यावर म्हटलं, आता ओट्याभोवती घ्या, डावीकडे वळत. ओट्यावर देव नाही. तयार होईनात. मग झाल्या. पहिल्यांदा ओटा घासता घासता वाचला. दुसऱ्यांदा गाडी बंद पडली. किसनभाऊ दुरून "बाई, मान नका वळवू, चाक वळवा" म्हणून सांगत होते. सलीमभाई भिंतीकडे तोंड करून उभे, हसू लपवायला. शेवटी जमलं.

९ डिसें., शनि.

उद्या नागपूरवाले येणार. आठवडाभर मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. आईंनी केला नसावा.

आज दिवा लावून झाल्यावर त्यांनी किसनभाऊंना फाटक उघडायला सांगितलं. मोठं फाटक, चार हंगाम न उघडलेलं. दोघांनी ढकललं तेव्हा कुठे हललं. गाडी फाटकापर्यंत आणली आणि थांबवली. मला वाटलं घाबरल्या.

"ते तार जोडली का?"

नाही, म्हटलं, तशीच आहे.

"सलीमले म्हणा जोड. आता मोजू दे."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्या पर्समधलं सूत आणि कापूस आईंनी मागून घेतला, कमरेला खोचला. मग हॉर्न वाजवला आणि डावीकडे वळल्या.

पुसद रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग, बाजाराकडे तोंड करून. लोक चाऱ्याच्या पेंढ्यांवर बसून वाट बघत होते. भाव निघाला नाही अजून. आमच्याकडे बघून एक-दोघे उभे राहिले. कुणीतरी हात वर केला, बुटकी ओळखली असणार. आईंनी मान वळवली नाही, चाकच वळवलं. नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. मीटरवर शेवटचा आकडा सरकताना मी पाहिला. त्यांनीही पाहिला.

परत येताना रडले मी. आई नाही.

१० डिसें., रवि.

जिनाच्या ऑफिसात खिडकीशी बसून घाईत लिहितेय, कारण बाहेर जायचा धीर होत नाही. वि. नवा शर्ट घालून आलाय. गाडी पुसून चकचकीत. आई देवळाच्या पायरीवर वाती वळत बसल्यात, आज शनिवार नसताना.

वि.ने काच पुसली. वाकला. परत पुसली. मग सलीमभाईंना विचारलं, हा आकडा कसा वाढला? सलीमभाई म्हणाले, "आकडा वाढला म्हंजे गाडी चालली, साहेब." कुणी चालवली, ते विचारतोय तो आता. किसनभाऊ शेळी सोडून पुन्हा बांधताहेत.

आई उठल्या. काठी देवळालाच टेकवून ठेवलीय. सावकाश चालत गाडीपाशी गेल्या, वि.च्या समोर. दार उघडलं. चपला काढल्या. वि. त्या चपलांकडे बघतोय.

फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला, नागपूरचे आले. आई सीटवर बसल्या, पदर खोचला, म्हणाल्या, "किसन, फाटक उघड."

नागपूरवाल्यांना आत घ्यायला की स्वतः बाहेर जायला, ते नाही बोलल्या. मी पेन ठेवते, जाते.