वायूवरची भाकरी

आत्याबाई,

नावाआधी 'कै.' लिही, असं तुमचे चिरंजीव आत्ताच सांगून गेले. माझ्याच्यानं ते लिहवत नाही. तुम्ही आपल्या नुसत्या आत्याबाईच राहा.

उद्या तुमचं तेरावं. पंगतीचा भात आणि आमटी गडीमाणसं बाहेर मोठ्या चुलवणावर रांधणार आहेत, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. वाद आहे तो तुमच्या नैवेद्याच्या पानाचा. तुमचे धाकटे दीर, आपले तात्या, मघाशी ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई, वयनीचं पान लाकडावर रांध. शेणाच्या वायूवरचं पान ठिवलंस तर भावकी न जेवता उठंल. अन् माणसं उपाशी उठली तर वयनीला गती मिळायची न्हाई." बोलून थांबले नाहीत, बाभळीची लाकडंही दारात आणून टाकली. मी ती लाकडं ओलांडली. आत आले आणि तुम्हालाच विचारायला बसले. तुम्ही असताना तरी मी दुसऱ्या कुणाला कधी विचारत होते?

आठवतं का, मी या घरात आले तेव्हा माझी काय गत होती ते? चुलीपुढं बसलं की खोकल्याची उबळ यायची, ती शेवटची भाकरी उतरेपर्यंत थांबायची नाही. चिंचवडच्या वैद्यांनी सांगितलं, हिला धुरापासून लांब ठेवा. शेतकऱ्याच्या सुनेला धुरापासून लांब! मी घाबरून गेले होते. आता माहेरी रवानगी होणार, असंच धरून चालले होते.

मग एक दिवस चावडीवर सरकारी साहेब आले आणि शेणापासून जळणारा वायू कसा काढायचा ते सांगू लागले. पुरुष पुढं, आपण बायका मागं. साहेबांनी खताचं सांगितलं, देशाचं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. तुम्ही पदर सावरून उभ्या राहिलात आणि एवढंच विचारलंत, "सायेब, धूर हुतो का?" ते म्हणाले, नाही. "मग आमच्याकडं बांधा," म्हणालात आणि खाली बसलात. मामंजी तिथंच बसले होते. त्यांचा चेहरा आठवला की मला आजही हसू येतं.

गोठ्यामागं खड्डा खणून टाकी बांधली, कासारवाडीच्या अब्दुलभाई मिस्त्रींनी तिच्यावर लोखंडी टोपण बसवलं. रोज शेण-पाणी कालवून ओतायचं आणि वाट बघायची. किती दिवस काहीच होईना. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे विजेचे दिवे बघायला आपलं गाव बैलगाड्या जुंपून गेलं होतं. तेच गाव आपल्या टाकीला हसायला पुढं. आत्याबाईंनी शेणाचं लोणचं घातलंय, म्हणायचे. तुम्ही ऐकून घ्यायच्यात आणि म्हणायच्यात, "मुरू द्या की."

मुरलं. नळीनं वायू स्वयंपाकघरात आला, शेगडी पेटली आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. तो केला साहेबांच्या एका शब्दानं. आपल्याकडं वायू म्हणजे पोटात धरतो तो, गुडघ्यांत शिरतो तो. जन्मभर गोवऱ्यांवर रांधणाऱ्या बायकांना शेणाचं काहीच वाटलं नाही, त्या भ्यायल्या वायूला. वायूवरची भाकरी खाल्ली की अंगात वायू शिरतो, असं गावभर झालं. शेजारणी ताक न्यायलाही येईनात. ताक काय शेगडीवर करतात?

आणि त्यातच कुसुमवन्संची सुपारी फुटायची होती. खेडहून माणसं आली, ताटं वाढली, आणि विहीणबाई हात आखडून बसल्या. "आमच्या मालकास्नी आधीच वातानं धरलंय. वायूवरचं आमाला चालायचं न्हाई." कुसुमवन्सं दाराआड रडायला लागल्या. तात्या तर परसात तीन दगड मांडायलाही गेले. तुमचं तोंड साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक, मला वाटलं आता सुटतं. पण तुम्ही विहीणबाईंचा हात धरलात. "चला आत. तुमच्या हातानं एक भाकर करा, अन् मग सांगा."

त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि सवयीनं खाली वाकून जाळाला जोरात फुंकर घातली. शेगडी विझली! मी धावत जाऊन चावी बंद केली. विहीणबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. तुम्ही पोट धरून हसत म्हणालात, "अवो, म्या पैल्या दिशी ह्येच केलं. ह्याला फुकायचं नसतंय."

पुन्हा पेटवली. भाकरी टम्म फुगली. ती उतरवून विहीणबाईंनी डोळे पुसायला पदर वर नेला, आणि पदर तसाच हातात राहिला. पुसायला डोळ्यांत काही नव्हतं. म्हणाल्या, "ह्यो कसला वायू? ह्यो तर जाळच हाय." बाहेर येऊन तीच भाकरी त्यांनी सगळ्यांसमोर मोडली, आणि सुपारी फुटली. तेव्हापासून घरात कुणी 'वायू' म्हटलं की तुम्ही दटावायच्यात, "जाळ म्हणा."

आत्याबाई, चावडीवर नुसत्या माना डोलावून घरी गेलेल्या त्या शहाण्या माणसांत तुम्ही एकट्याच उठलात. ते माझ्या खोकल्यासाठी, हे मला ठाऊक होतं. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत, मीही नाही.

पण एका गोष्टीचा मला तुमचा राग आहे. टाकीतला जाळ पुरायचा नाही, म्हणून शेगडी तुम्ही माझ्यासाठी ठेवलीत. अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, सगळं परसातल्या चुलीवर तुम्ही करायच्यात. आळीपाळीनं बसू म्हटलं तर म्हणायच्यात, "माजी छाती जुनी हाय, तिला सवय हाय." कसली सवय? माझा खोकला गेला आणि तुमचा सुरू झाला. शेवटच्या महिन्यात तर तुम्हाला झोपताही येत नव्हतं, उशीला टेकून बसायच्यात. माझ्या वाट्याचा धूर तुम्ही का घेतलात? आणि मी तो का घेऊ दिला?

तुम्हाला विचारायला बसले होते, पण लिहिता लिहिता माझं ठरलं. लाकडं पंगतीच्या चुलवणाला जातील. तुमचं पान मी आत, त्याच शेगडीवर रांधणार. वरण, भात, पुरण, सगळं. भावकी उठली तर उठो, तात्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. जन्मभर धूर गिळलात तुम्ही, उद्याच्या पानाला मी तो लागू देणार नाही, हा माझा शब्द.

आणि तात्या म्हणतात तशी तुमची गती खरंच अडली, तर बाहेर कुठं भटकू नका. सरळ स्वयंपाकघरात या आणि माझ्याजवळ बसा. इथं आता धूर नाही.

तुमची सून,
शांता