खोली बेचाळीस फूट

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून करिअर. आत्याची बोट रविवारपर्यंत माझ्या ताब्यात. रविवारी दाताचे डॉक्टर आणि त्यांचे सासरे गळ टाकायला येतायत. आत्या म्हणाली, त्यांना मासे मिळवून दिलेस आणि धड परत आणलंस, तर बोट तू चालव. नाहीतर सोमवारी विकते, घेणारा तयार आहे. आणि तू गुपचूप बापाच्या टाइल्सच्या दुकानात जाऊन बस.

त्या दुकानात मी बसलोय. अकरा दिवस. अकराव्या दिवशी मला पांढऱ्याच्या सत्तावीस छटा वेगवेगळ्या दिसायला लागल्या, तेव्हा निघालो. मग फोटोग्राफी, मग मधमाश्या, मग सायकलवरून जग पाहणे (ऐंशी किलोमीटर). आता पाणी. पाण्यात मी टिकणार.

आत्याने तीस वर्षं या तलावावर काढलीत. म्हणाली, चल, मासे कुठे असतात ते फिरवून दाखवते. मी म्हटलं, आत्या, ते सगळं अंदाजपंचे. मी फिश फाइंडर मागवलाय. मोटरला खाली सेन्सर, वर स्क्रीनवर मासे. ती म्हणाली, मग ते स्क्रीनवरूनच टोपलीत पडतात का रे? जुन्या पिढीचा विनोद.

४ मार्च, मंगळवार. दुपारी १२.३०
बॉक्स आला. स्क्रीन, वायर, साबणाच्या वडीएवढा सेन्सर, पट्टीचा क्लॅम्प, मॅन्युअल. मॅन्युअल अठ्ठेचाळीस पानी. चित्रं पाहिली. सध्या ते डगमगत्या टेबलाच्या पायाखाली उपयोगात आहे.

१२.४०: शेडमध्ये स्क्रीन चालू केली. तिने दोन पर्याय दिले. एकाशेजारी साधी रेघ, दुसऱ्याशेजारी मासा. मासा दाबला. आपण मासे शोधायला निघालोय, रेघा नाही.

१२.४२: जबरदस्त! खोली बेचाळीस फूट. तीन मोठे मासे, एक मध्यम. सेन्सर अजून बॉक्सात आहे आणि तलाव शेडपासून दीडशे पावलांवर. याला म्हणतात रेंज.

५ मार्च, बुधवार
संकल्प: आज सेन्सर बसवणे.
आधी बोटीवर नाव रंगवायला घेतलं. बिननावाच्या बोटीला सेन्सर लावणं बरं दिसत नाही. ‘गरुड’ लिहायचं होतं. अक्षरं जरा मनमोकळी आली, ‘गरु’लाच जागा संपली. लोकांना कळेल.

संध्याकाळी आत्या डोकावली. म्हणाली, वायर सैल ठेव हां, मोटर वळली की तीही वळणार. मी म्हटलं, लोंबणारी वायर गबाळी दिसते. तिने कोपरापासून हात जोडले. पाठिंबा समजतो.

६ मार्च, गुरुवार
बसवला! क्लॅम्प मोटरला ढिला होत होता, म्हणून मध्ये जुन्या चपलेचा रबर घातला. वायर स्क्रीनपासून ताणून मोटरच्या दांड्याला वरपासून खालपर्यंत चिकटपट्टीने आवळली. एक सूतही ढील नाही. शिल्पच.
मोटरची बॅटरी द्यायला आलेला बॅटरीवाला बघून गेला. म्हणाला, सेन्सरचं तोंड वर का? चिमण्या मोजायच्यात? उलटा केला. त्याचं लक्ष आहे का ते मला बघायचं होतं.

७ मार्च, शुक्रवार. ट्रायल
डावीकडे वळलो. लोण्यासारखी. उजवीकडे वळलो. खट्ट! मग मोटरच्या पंख्यात थोडी घरघर, मग शांत. मासा घासला असणार. स्क्रीनवर बेचाळीस फूट, तीन मोठे, एक मध्यम. म्हणजे सगळं ठीक. वाकून बघितलं नाही. वाकायचंच असतं तर मशीन कशाला घेतलं?

तलाव काय एकसारखा खोल आहे! धक्क्यापाशी बेचाळीस, मधोमध बेचाळीस, बगळा उभा होता तिथेही बेचाळीस. बगळ्याच्या पायांबद्दल आदर वाढला.

८ मार्च, शनिवार
आत्या म्हणाली, उद्याच्या आधी एकदा माझ्याबरोबर फिर. शेवटचं सांगतेय. निघणारच होतो, पण व्हिजिटिंग कार्डात अडकलो. ‘जलतज्ज्ञ’ की ‘मत्स्य सल्लागार’? त्यात दुपार गेली. आत्याने बोट घेणाऱ्याला सोमवारी सकाळी बोलावलंय. बिचाऱ्याची फुकट फेरी.

९ मार्च, रविवार. सकाळी ६.३०
डॉक्टर आले. सासरे आले तेव्हा बोट एका अंगाला वाकली. भरभक्कम माणूस. डॉक्टर म्हणाले, मिळतील ना नक्की? मी म्हटलं, मासे स्क्रीनवर आलेत साहेब, आता फक्त काढायचे.

९.३०: गळ टाकून दोन तास. मासे लाजाळू आहेत. सासरे म्हणाले, जावईबापू, तुमच्या भूल दिलेल्या पेशंटमध्ये यापेक्षा जास्त हालचाल असते.

९.५०: जागा बदलली, किनाऱ्याकडे नेली. बेचाळीस फूट खोलीवर बोट चिखलात रुतली.

९.५५: सासऱ्यांनी वल्हं पाण्यात उभं केलं. पातंसुद्धा पूर्ण बुडलं नाही. मग त्यांनी मोटर वर उचलली. पंख्याला वायरीचा गुंता. सेन्सर नाही. चपलेचा रबर आहे. तेवढ्यात स्क्रीनवर आणखी एक मासा आला. सासरे म्हणाले, अहो, हा तर दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना! यातलं काहीच खरं नसतं. मी म्हटलं, पण क्लॅरिटी बघा.

११.२०: आत्या शेजाऱ्याची होडी वल्हवत आली. सगळ्यांनी उतरून ढकललं. डॉक्टरांचा एक बूट तळाशी राहिला. तिने दोघांना आपल्या होडीत घेऊन पडक्या झाडापाशी नेलं. अर्ध्या तासात पाच मासे. योगायोग.

१० मार्च, सोमवार. सकाळी ७.००
बोट घेणारा आला होता. आत्याने परत पाठवला! मी म्हटलं, आत्या, मला माहीत होतं तुझा विश्वास आहे. ती म्हणाली, सासऱ्यांनी दर रविवारी यायचं ठरवलंय. बोट मी चालवणार.

मी विचारलं, आणि मी? टाइल्स?
ती म्हणाली, बापाला कळवलं नाही अजून. सासरे बसले की बोट कलते. दुसऱ्या अंगाला वाळूच्या दोन गोण्या ठेवाव्या लागतील, आणि त्या उचलून माझी कंबर जाईल. तू स्वतःच्या पायांनी चढतोस. तिथे बसायचं. उठायचं नाही, वळायचं नाही, सायन्स सांगायचं नाही.

७.१५: म्हणजे बोटीचा सगळा समतोल माझ्यावर. जबाबदारीचं पद. जागेवर बसून सराव सुरू केला.

७.१९: आत्या धक्क्यावरून ओरडली, अरे, गोणी हलत नसते!