रविवारचा निनाद

करंजाडे, पनवेल

प्रिय ताई,

निनादमध्ये वाईट काय आहे, असं तू फोनवर विचारलंस. तसं वाईट काहीच नाही. दारू नाही, तंबाखू नाही, रोडपालीला स्वतःचा फ्लॅट. आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी पेशंटना धीर देणं हेच त्याचं काम, आणि ते तो इतकं छान करतो की मी त्यावरच भाळले. मोतीबिंदूच्या शिबिरात गोदा नावाची कातकरी बाई भीतीने उठून घरी निघाली होती. हा तिचा हात धरून बसला, तिला आई म्हणाला. शेजारच्या खोलीत लोकांचे डोळे तपासता तपासता मी ऐकत होते. त्याच आठवड्यात मी लग्नाला हो म्हटलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही भाजीबाजारात गेलो. गोदा तिथे रानातली शेवळं विकायला बसली होती. ऑपरेशनआधी तिला नीट दिसतच नव्हतं, त्यामुळे निनादचं बोलणं कानावर पडल्यावर ती उठून आली. "आवाज वळखला रं बाला तुजा. आज तोंड पन दिसला," म्हणाली आणि एक जुडी त्याच्या हातात द्यायला लागली. तो मागे सरकला. काही त्रास असेल तर सोमवारी केसपेपर काढून या, असं सांगून पुढे चालायला लागला. मी तिथेच उभी राहिले तर हसून म्हणाला, "अगं, रविवारी तरी माणसाला सुट्टी नको का?"

गोदाने मला हळूच विचारलं, त्योच ना ह्यो? मी म्हटलं, नाही मावशी, हा दुसरा.

हे लग्न नको असं घरी सांगितलं तर काकू म्हणाली, डिग्री मिळाली आणि हिला शिंगं फुटली. बाबा म्हणाले, कामावर चांगला वागतो ना, मग झालं. नाही झालं. कामावर साहेब बघत असतात, फोटो निघतात. मला त्याच्याबरोबर राहायचंय ते काम सुटल्यावर. उद्या मी आजारी पडले, बाबा थकले, तर कुठला केसपेपर काढायचा?

तुझ्याच घरचं बघ. भाऊजी एसटीत कंडक्टर, पॅसेंजरवर खेकसतात, बाबा त्यांना चारचौघांत नावं ठेवतात. पण तुमच्या चाळीत अंथरुणाला खिळलेल्या काळूरामबाबांची दाढी सुट्टीच्या दिवशी कोण करतं? म्हातारा मान हलवतो म्हणून ओरडतात, पुटपुटतात, आणि शेवटी त्यांच्या गालांना पावडर लावून आरसा दाखवतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मला असा माणूस हवा, आणि हे मागणं फार मोठं आहे असं मला कुणी समजावू नये. तूसुद्धा नाही. तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकले, हे मी कधीच विसरणार नाही. पण त्याची परतफेड म्हणून या लग्नाला उभी राहणार नाही.

माझी समजूत घालायला तू येत्या रविवारी येणार आहेस, असं आईकडून कळलं. म्हणून हे लिहितेय. जरूर ये, पण नुसती राहायला ये. साखरपुड्याची अंगठी आणि साडी मी काल दुपारी एकटीच रोडपालीला जाऊन निनादच्या आईच्या हातात देऊन आले.

तुझीच, कुणाचं न ऐकणारी,
विनिता