भिंतीत गेलेली तार

बाबा,

पुढच्या खोलीच्या भिंतीत मी तार लपवली आहे. तुम्ही असता तर एवढं ऐकूनच उठला असता, आधी मेन बंद केला असता आणि मग विचारलं असतं, "काहून?" तेच सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात विजेचं काही काम निघालं की मी मनातल्या मनात तुम्हालाच जाब देत असते.

तुमच्या हातची तार मी कधी लपलेली पाहिली नाही. खमरियाच्या आपल्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये बोर्डापासून दिव्यापर्यंत लाकडी पट्टी, पट्टीवर तार, तारेवर ओळीने पत्र्याच्या क्लिपा. चुना मारणारे पट्टीवरूनही ब्रश फिरवून जायचे, आणि तुम्ही ड्यूटीवरून आलात की चहा बाजूला ठेवून ओल्या फडक्याने एकेक क्लिप पुसायचात. आई म्हणायची, "लेकराचं तोंड पुसल्यासारखं करून राहिले." तुम्ही म्हणायचात, "उद्या कोणी खिळा ठोकन, त्याले दिसली पाहिजे." अशा एखाद्या खिळ्यापायी भाजलेला माणूस तुम्ही कधीतरी पाहिला होता. कोण, कुठे, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

वर्ध्याहून आत्या यायची होती तो उन्हाळा तुम्हाला आठवला असता. टेबलफॅनची तार खोलीभर आडवी पडलेली दिसते म्हणून मी ती सतरंजीखाली सारली होती आणि स्वतःवरच खूश होते. पाहुणे बसलेत, आई शरबत घेऊन आली आहे, आणि तुम्ही दारातून आत येता. पंखा फिरताना पाहता, तार शोधता, आणि सगळ्यांना उठवता. आत्यालासुद्धा. सतरंजी गुंडाळता, तार भिंतीच्या कडेने नेता आणि मग माझ्याकडे वळता. "काहून लपवली वं? तार का चोरीची हाय?" आत्या हसते, "दादा, पोरीनं घर सजवलं अन् तू पंचनामा करून राहिला." तुम्ही हसत नाही. "सजवाचं असन तर फुलं लाव म्हणा," एवढंच बोलता. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याला टेकून रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्यूटीवरून आलात तेव्हा सायकलच्या हँडलला कण्हेरीची फुलं बांधलेली होती. ती माझ्यापुढे ठेवलीत आणि हात धुवायला गेलात.

माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली. तुम्ही त्या भांड्यांत एक टेस्टर ठेवलात, पिवळ्या दांडीचा, आणि म्हणालात, "कोणाची वाट पाहत बसू नको." नंतर कांचघरच्या या घराचं वायरिंगही तुम्हीच केलंत, सुट्टीच्या दिवशी सायकलवर येऊन. तुमच्या जावयांनी मला त्या टेस्टरवरून जन्मभर चिडवलं. "लोकांच्या बायका अंगठी घेऊन आल्या, माझी टेस्टर घेऊन आली." पण फ्यूज उडाला की अंधारात हाक मलाच असायची.

ते गेले, बाबा. आता तिसरं वर्ष चालू आहे. मेलेल्यांना हे कळतं असं मी मानत नाही, तुम्हीही मानत नव्हता, पण सांगायची गोष्ट आहे म्हणून सांगते. त्यांची खुर्ची मी हलवली नाही, तीत बसून वाचते. शाळा अर्धवट सुटली तेव्हा या हिंदी मुलखात नागपूरच्या संत्र्यांच्या पेटीत आलेले मराठी पेपर मी सुरकुत्या काढून वाचायची. आता लायब्ररीतून जाड पुस्तकं आणते आणि पुरी करते. सकाळी खुर्चीत ऊन येतं. पाठीमागे स्वयंपाकघरात कुकर असतो. दुपारी शेजारीण भाजी निवडायला येते. मला एकटी म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण माझं चाललेलं आहे.

मुलाला ते पटत नाही. तो हैदराबादला आहे. जुना टीव्ही बंद पडला तेव्हा त्याने नवा पाठवला, भिंतीवर लावायचा, चांगला मोठा. खोकं आलं आणि लगेच फोन आला.

"मम्मी, दीवार पे मत लगवाना. टेबल पे ही रहने दो, बाद में शिफ्ट करने में आसानी होगी."

"कोण शिफ्ट होऊन राहिलं?"

"अरे, कभी तो आओगी ना यहाँ. अकेली कब तक रहोगी?"

"माझ्याशी मराठीत बोल."

"मम्मी, मी सिरियसली बोलून राहिलो!"

"मीही."

मुलगा वाईट नाही. टीव्ही त्याने मायेनेच पाठवला. पण त्याच्या मनात तो टीव्ही खोक्यासकट परत गाडीत चढणार होता, आणि त्याच्यामागून मी. ते खोकंसुद्धा "फेकना मत" म्हणून त्याने पलंगाखाली ठेवायला लावलं. फोन ठेवला आणि मी भिंतीकडे पाहिलं. टेबलावरची वस्तू दोन माणसं येऊन उचलतात. भिंत कापून आत घातलेली तार कोणी उचलून नेत नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि त्यानंतर मला दुसरा विचार करावा लागला नाही.

टीव्ही दुकानाच्या माणसाने येऊन टांगून दिला आणि तो गेला. खाली तारांचा झुपका लोंबत राहिला. एक वीज खेचणारी, एक सेट-टॉप बॉक्सची, एक छतावरच्या डिशची. वर चकचकीत काच आणि खाली हा गुंता. घर बदलायला निघालेल्या माणसांच्या सामानासारखं दिसत होतं. गढ्याहून नणंद आली होती. ती तारांना काही बोलली नाही, तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"वैनी, दादाचा फोटो कुठं गेला?"

त्या भिंतीवर तुम्हा दोघांचे फोटो होते. तुमचा बोर्डाच्या वर, त्यांचा मधोमध. टीव्हीला जागा मधलीच लागत होती, म्हणून त्यांचा मी समोरच्या भिंतीवर लावला होता.

"टीव्हीसाठी दादाले हलवलं? लोक काय म्हणतीन?"

"आता त्यांना समोरून दिसते. त्या भिंतीवर राहिले असते तर टीव्ही दिसला असता का? असते तर रिमोट दिला असता का कोणाच्या हाती?"

नणंद हसली, मग डोळ्याला पदर लावला. मीही लावला. मग आम्ही चहा केला.

मिस्त्री आला तो गल्लीतलाच, चांगला माणूस. त्याने आधी प्लास्टिकची पट्टी दाखवली, वरून चिकटवायची. तुम्ही तीच निवडली असती, मला माहीत आहे. मी नाही म्हटलं. चिकटवलेलं उपटता येतं. मग तारेची खाच कुठून कापायची ते भिंतीवर हात फिरवून पाहत तो म्हणाला, "अम्मा, बोर्ड से टीव्ही तक तिरछी झिरी मार देता हूँ. तार भी कम, मेहनत भी कम."

"नहीं भैया. सीधी ऊपर, फिर सीधी आड़ी."

"अंदर किसको दिखना है?"

"जो बाद में कील ठोकेगा, उसको समझना चाहिए."

"कौन ठोकेगा बाद में?"

"मैं ही ठोकूँगी. और कौन?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सुताला खडू लावला. वळणावर जिथे तारा जोडायच्या तिथे एक डबा हवा, झाकण उघडता येईल असा. जोड कधी भिंतीत पुरायचा नाही, हे तुमचंच. पण त्या डब्याचं पांढरं झाकण भिंतीवर उघडं दिसणार. मी उभी राहून विचार केला आणि तुमचा फोटो उतरवला. डबा तिथे बसवायला सांगितला, तुमच्यामागे. वर परत तुम्ही. बाबा, हार घातलेला फोटो काढून तिथे कोणी खिळा ठोकत नाही. या घरात तार लपवायला याहून सुरक्षित जागा नाही, आणि कधी जोड उघडायची वेळ आली तर तुम्हाला उचललं की काम झालं. तुमचा नियम मी मोडला आहे, पण तुम्हालाच राखणीला बसवून मोडला आहे.

मशीन सुरू झालं तेव्हा खोलीभर लाल धूळ उडाली. वरचा निळा रंग तुमच्या जावयांनी निवडलेला, त्याखाली हिरवा, त्याखाली चुना, आणि चुन्यात एके ठिकाणी तुमच्या जुन्या पट्टीच्या खिळ्याचं भोक. मी त्यात बोट घालून पाहिलं. मिस्त्रीला तेवढ्यात घरून फोन आला, लग्नाचं काहीतरी. थोडंसंच काम उरलं होतं, खालून आलेली झिरी डब्याला मिळवायची. "कल कर दूँगा, अम्मा," म्हणून तो गेला. पण छिन्नी आणि हातोडी इथेच राहिली होती. मेन बंद केला, तरी मी तुमचा टेस्टर लावून पाहिला. रविवार होता आणि मुलाचा फोन यायचा होता. अर्धी कापलेली भिंत त्याने पाहिली असती तर "बंद कराओ" म्हणाला असता, आणि तो फार गोड बोलतो, बाबा. मी स्टुलावर चढले.

फोन आला तेव्हा माझ्या केसांत धूळ होती. मी कॅमेरा भिंतीकडे वळवला. त्याने ती झिरी खालपासून वरपर्यंत पाहिली. मग म्हणाला, मराठीत, "मम्मी, तू येणार नाही ना?"

"येईन. दिवाळीत येईन, राहीन, तुझ्या हातचा चहा पिईन. अन् परत येईन."

"ठीक आहे," तो म्हणाला. मग विचारलं, "आजोबाचा फोटो खाली काहून ठेवला?"

"काम चालू आहे त्यांचं," मी म्हटलं.

आता तारा आत आहेत, वर सिमेंट आहे, निळा रंग जुळला नाही म्हणून पूर्ण भिंत पुन्हा रंगवून घेतली. पलंगाखालचं खोकं रद्दीवाल्याला दिलं. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवावं असं मनात आलं होतं, पण तारेच्या जोडाजवळ कागद ठेवलेला तुम्हाला चालला नसता. म्हणून ते लोखंडी कपाटात, साड्यांखाली राहील.

एक सांगायचं राहिलं. डब्यापाशी वीट फार कडक निघाली आणि माझा खांदा भरून आला होता. शेवटची वीतभर झिरी मी तिरपी नेली. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी पाहिली आणि म्हणाला, "काए अम्मा, सीधी-सीधी का इतना शोर किसने मचाया था?" मी तुमचा फोटो पुसून त्यावर लावला. तो सगळी तिरपी जागा झाकतो. तेवढीच तिरपी आहे, बाबा. बाकी सगळी सरळ गेली आहे.