सांता ब्रिहिदाचा मुका रखवालदार

एन्सेनादा,
४ नोव्हेंबर २०१०

प्रिय ओब्दुलियाताईस,

धाकट्या लिसांद्रोचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडची खुशाली चोनकडून कळली. शेळ्या व्यायल्या, विहिरीला पाणी टिकून आहे आणि बाबांचा खोकला होता तिथेच आहे. हे पत्र चोनच्याच ट्रकबरोबर धाडतोय. सोबत कॉफी, साखर, पीठ आणि बाबांची तंबाखू आहे. तंबाखू मी पाठवली हे त्यांना मुद्दाम सांग, नाहीतर तुझ्याच नावावर जमा होईल.

आता कामाचं. सासऱ्यांनी आणखी तीन जीप घेतल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत आहे. डिसेंबरपासून दर पंधरवड्याला पाहुण्यांची एक तुकडी घेऊन आपल्या सांता ब्रिहिदा मिशनवर येईन. लोकांना जागा फार आवडते. पाद्र्यांनी वाळवंटात एवढं मोठं देऊळ बांधलं आणि टाकून गेले, याचं त्यांना नवल वाटतं. आपण त्या पडक्या भिंतींच्या सावलीत शेळ्या बांधत होतो हे मी सांगत नाही.

दोन-तीन गोष्टी तेवढ्या बाबांच्या गळी उतरव.

पहिली, घाटाची. खालच्या वळणावर बाबांनी पुन्हा दगड बसवून रस्ता सपाट केलाय. अगं, हे लोक पैसे देतात ते त्या वाईट रस्त्याचेच! टायरची हवा कमी करायची, खाली उतरून कपाळाला हात लावायचा, एकाने पुढे उभं राहून हातवारे करायचे, जीप अडकली की साखळीने ओढायची. वर पोचलं की एकमेकांच्या पाठीवर थापा. मागच्या खेपेला सगळ्या जीप लोण्यातून सुरी जावी तशा वर गेल्या. एक दंतवैद्य मला म्हणाला, "एवढंच? याहून वाईट रस्ता माझ्या सासुरवाडीला आहे." मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तेव्हा ते दगड काढायला सांग. आईला दवाखान्यात न्यायला तो रस्ता त्यांनी एकट्याने बांधला, हे मी विसरलेलो नाही. पण आईला जाऊन किती वर्षं झाली!

दुसरी, ती ट्रॅक्टर कंपनीची पिवळी टोपी. ती नको. आजोबांचा चामड्याचा कोट घालून दारात बसावं. उकडेल, पण तासाभराचा तर प्रश्न. प्लास्टिकच्या खुर्च्या आत टाक.

तिसरी जरा नाजूक आहे. मागे सगळ्यांसमोर ते म्हणाले, "हा माझा धाकटा. सात वर्षांचा होईपर्यंत गाढवाला भ्यायचा." मंडळी हसली. मीही हसलो आणि म्हणालो, म्हातारा एकटा असतो, येईल त्याला मुलगा म्हणतो. ती वेळ निभावली. पुन्हा नको. त्यांनी बोलूच नये हे उत्तम. मी पाहुण्यांना सांगेन की रखवालदार मुका आहे. लोकांना मुका माणूस आवडतो.

रागावू नकोस. धंदा आहे.

तुझा,
लिसो


एन्सेनादा,
२२ जानेवारी २०११

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत किती टोचून लिहितेस गं! पुढे शिकवलं असतं तर वकील झाली असतीस.

आधी चांगली बातमी. दगड काढल्यापासून घाट फक्कड झालाय. परवा एका जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि तिचा मालक आनंदाने वेडा झाला. बाबांना माझ्याकडून शाबासकी दे. आणि काम काय करतात! मी "हा इथला शेवटचा रखवालदार, जन्माचा मुका, मागेपुढे कोणी नाही" असं म्हटलं की एकदा माझ्याकडे बघतात आणि मग खाली जमिनीकडे. नाटकात घालावं असं. ग्वादालाहाराच्या एका बाईंना तर रडूच कोसळलं. त्यांनी बाबांचा हात धरला तेव्हा मला वाटलं, आता हे बोलतात आणि मी संपतो. पण नाही बोलले.

तू लिहिलंस की त्यांची एकच मागणी आहे. एकदा, कुठल्याही एका तुकडीसमोर, मी म्हणावं, "हे माझे वडील." मग ते मरेपर्यंत मुके राहायला तयार आहेत. आणि तू विचारलंस, तुला लाज वाटते का त्यांची?

रेनाताचा पुढचा दात पडला. पाच वर्षांचीसुद्धा नाही आणि दात पडला. शिमेना घाबरली, डॉक्टर हसले. पोर आरशासमोरून हटत नाही.

लाजेचा प्रश्न नाही, ताई. लग्नाला तुम्हाला बोलावलं नाही ते रस्ता वाहून गेला म्हणून, असं मी कळवलं होतं. रस्ता वाहून गेला नव्हता. शिमेनाच्या वडिलांनी पहिल्या भेटीत विचारलं, "वडील काय करतात?" समोर चांदीचे काटे-चमचे होते, आणि मला कोणता कशासाठी तेही कळत नव्हतं. मी म्हणालो, ला पास बंदरात कस्टममध्ये मोठ्या हुद्द्यावर होते, मी सहा वर्षांचा असताना वारले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातावर माझं सगळं उभं आहे. घर, जीप, सगळं. आता मेलेल्या माणसाला कसं उठवू? तूच सांग.

आणि आता ऐक. ईस्टरच्या आठवड्यात सासरे स्वतः येणार आहेत. शिमेना आणि रेनाताही येतील. बाबा नातीला बघतील! किती वर्षं मागे लागले होते. तेव्हा हे माझ्याकडून त्यांना बक्षीसच समज. बघावं, पाणी द्यावं, गाढवावर बसवावं. फक्त तोंड उघडू नये. तूही नाही. तू कॉफी देणारी बाई.

लिसो


एन्सेनादा,
३० एप्रिल २०११

ताई,

सहल छान झाली. ती तुझ्यामुळे नव्हे, तू असूनही झाली. सासऱ्यांच्या मांडीवर कॉफी सांडली ती चुकून, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यांच्याकडे बघून तू ज्या आवाजात "माफ करा, मालक" म्हणालीस तो मी लहानपणापासून ओळखतो. त्या आवाजानंतर नेहमी मला मार बसायचा.

बाबांनी मात्र शब्द पाळला. रेनाता त्यांना चिकटूनच होती. तिला ते आईच्या थडग्याकडे घेऊन गेले तेव्हा माझा जीव खालीवर होत होता. पण तिथे त्यांनी फक्त तिच्या बुटातला काटा काढला. मग ती सगळ्यांच्या घोळक्यात त्यांना मोठ्याने म्हणाली, "तुम्हाला मुलंबाळं नाहीत का हो?" त्यांनी मान हलवली. नाही. ती म्हणाली, "मग मी येत जाईन." सगळे हसले. शिमेना म्हणाली, "बिचारा." मीसुद्धा हसलो. काय करणार होतो?

परतताना तिने विचारलं, तो मुका माणूस रडत का होता? मी सांगितलं, धूळ फार आहे. होतीही.

तू विचारतेस, एवढ्या लोकांसमोर तोंडून निघत नव्हतं तर निघण्याआधी भिंतीआड जाऊन तरी "बाबा" का म्हटलं नाहीस. गेलो होतो मी भिंतीआड. ते तिथे उकिडवे बसून कोटाची बटणं काढत होते. घामाने भिजले होते. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, कारण सासरे पलीकडेच उभे होते. एवढं त्यांना कळतं आणि तुला कळत नाही.

छातीत दुखतं म्हणून लिहिलंस. वय झालं, दुखणारच. त्यांना दवाखान्यात न्यायला जीप पाठव म्हणतेस, पण पावसाच्या मोसमाआधी सगळ्या जीप कामाला आहेत आणि एक मोकळी मागितली तर सासरे विचारतील, कुणासाठी? रखवालदारासाठी एवढं का? तूच सांग, काय उत्तर देऊ? चोनच्या ट्रकमधून ने. त्याच्या पेट्रोलचं मी बघतो. पुढच्या मोसमात माझं जरा बस्तान बसलं की शिमेनाला हळूच सांगेन. खरंच सांगेन. बाबांना तसं सांगून ठेव.

लिसो


सांता ब्रिहिदा,
१९ जून २०११

श्री. लिसांद्रो मायोराल यांस,

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. शेळ्या ठीक आहेत. विहीर आटत आली आहे. बाबा गेले.

त्याला तीन आठवडे झाले. पत्राला उशीर मुद्दाम केला. वाचताना हिशेब मांडत बसशील की त्या दिवशी आपण कुठे होतो, कुणाबरोबर जेवत होतो, काय विनोद सांगत होतो. तसा मांडावा म्हणूनच उशीर केला.

सकाळी ते चुलीपाशी खाली बसले आणि उठेनात. मी त्यांना तुझं पत्र आधीच वाचून दाखवलं होतं, सगळं, जीप का नाही तेही. ते म्हणाले, "बरोबर आहे पोराचं. विचारतील ना." मी चोनला बोलावलं. मागे गादी टाकून त्यांना निजवलं. घाटातल्या खालच्या वळणावर ट्रकचं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी पोटावर बसली. चोनने शिव्या दिल्या, आधी ट्रकला, मग तुला. मी त्याला थांबवलं नाही.

काढलेले दगड बाबांनी कडेला नीट रचून ठेवले होते. टाकून दिले नव्हते.

तेवढ्यात खालून तीन जीप आल्या. तुझ्या नव्हेत, तिहुआनाची मंडळी होती, मिशन बघायला निघालेली. चांगली माणसं. उतरली आणि चोनबरोबर दगड पुन्हा बसवायला लागली. बाबा सावलीला पडल्या पडल्या बघत होते आणि हाताने दाखवत होते, हा इथे, तो तिथे, याची सपाट बाजू वर. एकदाही बोलले नाहीत. मी म्हटलं, "बाबा, ही लिसोची माणसं नाहीत, बोला ना!" त्यांनी मान हलवली. पाहुणे ते पाहुणे.

त्यांच्यात एक नर्स होती. तिने नाडी धरली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली की फार वेळ नाही. त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन होता, कुठूनही लागणारा. ती म्हणाली, "मुलगा वगैरे कोणी असेल तर नंबर सांगा, आवाज तरी ऐकू द्या." नंबर मला पाठ आहे. मी तोंड उघडलं. खरं सांगते, त्यांच्यासाठी नव्हे, तुझ्या फजितीसाठी उघडलं. म्हटलं, लागू दे फोन, कळू दे सगळ्यांना.

बाबांनी माझं मनगट धरलं. एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मला खाली ओढलं आणि कानात बोलले, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही असं. "त्याला नको. तो त्याच्या माणसांत असेल. विचारतील, कुणाचा फोन. काय सांगेल बिचारा?"

नर्सने मला विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "काही नाही. ते मुके आहेत."

हे मी म्हणाले, लिसांद्रो. तुझं खोटं माझ्या तोंडून निघालं आणि ते ऐकून त्यांचा हात सैल पडला. ते त्यांना बरं वाटलं म्हणून की वाईट वाटलं म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. त्याबद्दल मी तुला क्षमा करणार नाही. बाकी कशाकशाबद्दल केली असती.

तिथेच, वळणावर ते गेले. त्यांना आईशेजारी ठेवलं. तिहुआनाच्या मंडळींनीच खांदा दिला. चोनने प्रार्थना म्हटली, निम्मी चुकीची.

तू खुशाल येत जा, फाटक उघडं आहे. मुका रखवालदार कुठे गेला म्हणून विचारतील, त्यांना काहीही सांग, तुला छान सुचतं. रेनाता विचारेल तेव्हा मात्र माझ्याकडे पाठव. तिला मी खरं सांगेन आणि तुझ्यादेखत सांगेन.

आणि एक. तुझ्या घरच्या हिशेबाने तुझे वडील तू सहा वर्षांचा असतानाच वारलेत. त्यांचं रडणं तेव्हाच झालं असेल. आता रडू नकोस, शिमेना विचारेल काय झालं. काळे कपडे घालू नकोस, सासरे विचारतील कुणासाठी. मेणबत्ती लावावीशी वाटली तरी लावू नकोस. जेव, हास, पाहुण्यांना फिरव. जन्मभर असाच राहा.

कळावे. लोभ होता तो बाबांचा होता.

ओब्दुलिया मायोराल