ठकीचा तक्ता

२ फेब्रुवारी, मंगळवार

ठकी पुन्हा चावली. या वेळी वर्गातल्या बाईंनाच, मनगटावर. चांगले दात उमटलेत. शाळेतून फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून बघत होते. ती तशीच ठेवून पळाले. आजोबा बिचारे किती वेळ तसेच बसले असतील कोण जाणे.

मोठ्या बाई फार गोड बोलतात. मुख्याध्यापिका गोड बोलायला लागल्या की समजावं, काहीतरी कडू येतंय. "आम्हाला बाकीच्या मुलांचाही विचार करावा लागतो हो." ही तिसरी वेळ. एकोणीस तारखेला बैठक. त्या दिवशी ठरणार — ठकी या शाळेत राहते की शहराबाहेरच्या त्या वेगळ्या शाळेत जाते. ती शाळा मी पाहून आले आहे. सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि टीव्ही लावून देतात. मी जिवंत असेपर्यंत माझी मुलगी तिथे जाणार नाही!

नऊ वर्षांची पोर. तोंडातून अजून एक शब्द फुटलेला नाही आणि बदनामी मात्र त्याच तोंडाची.

३ फेब्रुवारी

नवरोबा मूग गिळून बसलेत. म्हटलं, काहीतरी बोला. म्हणे, "तू बोलतेसच की."

६ फेब्रुवारी, शनिवार

खेळणीघरात गेले होते. वाचनालयाच्या मागच्या बाजूचा तो लांबोळा हॉल. जाड मुठीचे चमचे, अंगावर दाब देऊन मुलांना शांत करणारी वजनदार जाकिटं, लिहायच्या उतरत्या पाट्या, चित्रांचे गठ्ठे — आपल्यासारखे आईबाप आणि शाळांमधले शिक्षक घरी घेऊन जातात, वापरतात, परत आणतात. हे खेळणीघर चालवणाऱ्या ताई पूर्वी हॉस्पिटलात मुलांना बोलायला शिकवायच्या. आता दर शनिवारी इथे आम्हाला शिकवतात.

आणि समोर कोण? वर्गातल्या बाई! मनगटाला पट्टी. मला बघून चित्रांच्या कपाटाआड गेल्या. मीही काही कमी नाही, दुसऱ्या बाजूने गेले. "सहज आले होते," म्हणाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. हातात मुलांच्या चावण्याबद्दलचं पुस्तक होतं.

मी मुद्दाम ठकीचा तक्ता दाखवला. पाणी, शू, झोका, केळं, आजी, शाळा, गाणं — चित्र सोलून काढायचं, समोरच्याच्या हातात द्यायचं. तसं ती मागते. सगळी चित्रं मी स्वतः कापली, प्लास्टिक चढवलं, कोपरे गोल केले. म्हटलं, बघा, आम्ही घरी काय कष्ट घेतो! बाई म्हणाल्या, "शाळेतही हाच वापरतो. छान आहे." त्यांनी टोमणा ऐकलाच नाही. माझी मेहनत वाया.

ताई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी दोघी या. मुक्याच्या तासाला."

मुक्याचा तास म्हणजे मोठ्यांपैकी जो मूल होईल त्याने तोंड उघडायचं नाही. आपल्या मुलाचा तक्ता घ्यायचा आणि जे सांगायचं ते त्यावरूनच. मी आजवर टाळत आले. असले खेळ मला जमत नाहीत.

९ फेब्रुवारी

बैठकीपर्यंत शाळा अर्धाच दिवस. माझीही अर्धी रजा. मालक कुरकुरतात. ठकीला मी घरी सारखी समजावते — चावायचं नाही. ती केळ्याचं चित्र देते.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आल्याआल्या लिहून टाकते.

मुक्याचा तास. मला ठकी केलं, बाईंना बाईच ठेवलं. तक्ता माझ्यापुढे. बाईंनी माझा हात धरला, बोटांत पेन्सिल दिली आणि वरून धरून रेघा मारून घ्यायला लागल्या. शाळेत रोज असंच करतात म्हणे. सुरुवातीला हसू आलं. मग हात अवघडला. मी पाण्याचं चित्र दिलं. त्यांनी पाणी पाजलं, पुन्हा हात धरला. झोक्याचं दिलं. "झोका नंतर, हं." पुन्हा रेघा. तेवढ्यात ताई मागून आल्या आणि कंगव्याने माझे केस विंचरायला लागल्या. न विचारता! मी तक्ता वरपासून खालपर्यंत शोधला. गाणं आहे. आजी आहे. केळं आहे. मला जे सांगायचं होतं ते कुठेच नाही. कंगवा गुंत्यात अडकला, इकडे पेन्सिल चालूच, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात उगारला. नाटक नव्हतं ते. बाईंना मी खरंच मारणार होते.

बाई एकदम थांबल्या. माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या पट्टीकडे. मग माझ्यासारख्याच तक्त्यात शोधायला लागल्या.

"नको"चं चित्रच नाही.

एवढ्या वर्षांत नाही. मी केलं नाही, शाळेने मागितलं नाही, तीन-तीन डॉक्टरांनी सुचवलं नाही. सगळ्यांचं एकच — आधी मागायला शिकवा. तिला जगातलं सगळं मागता येतं. पुरे, सोडा, लांब व्हा — यातलं काहीच सांगता येत नाही. मग ती काय करणार? तोंड तर देवाने दिलंय.

ताईंवर भडकले. एवढं माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर चित्र चिकटवलं असतंत. पाळलं नसतंत."

आणि पाळायचं म्हणजे काय तेही बजावलं. पहिले काही आठवडे ती ज्याला नको म्हणेल ते तिथेच थांबवायचं. औषध आणि रस्ता सोडून सगळं. एकदा जरी आपण रेटलं, तरी तिच्या लेखी तो शब्द खोटा. मग पुन्हा दात आहेतच.

मला रडू आलं. बाईंनाही आलं. दोघींना एकच रुमाल, तोही ताईंचा.

१४ फेब्रुवारी, रविवार

चित्र केलं — पुढे केलेला हाताचा पंजा. ठकीच्याच हाताचा ठसा घेतला. एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा पोरीने स्वतःच काढलं.

आणि मग! अंघोळ नको. दूध नको. वेणी नको. नवरोबा पापा घ्यायला वाकले — पंजा. आजवर कधी तिने तोंड फिरवलं नव्हतं. ते मागे झाले, "बरं बाबा" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत. मला म्हणाले, "मला वाटायचं तिला आवडतं."

संध्याकाळपर्यंत पोर बिनअंघोळीची, बिनवेणीची, जटा सोडून राणीसारखी बसलेली. एवढी खूश मी तिला पाहिलेली नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी वर्गात सगळ्या पोरांना पंजा समजावून सांगितला. शेजारची गोड मुलगी नेहमी मिठ्या मारते, तिलाच पहिला मिळाला. ती रडली. पण थांबली. पेन्सिलीला दोनदा मिळाला. बाईंनी दोन्ही वेळा हात सोडला. चावणं नाही.

१७ फेब्रुवारी

चावणं नाही. वेणी घालू दिली! आपणहून कंगवा आणून दिला. आता सगळ्याला नको नसतं, निवडून असतं.

१८ फेब्रुवारी

उद्या बैठक. दुकानात उजवी काच डावीकडे बसवली. मालकांनी घरी पाठवलं. घरी येऊन भांडी घासलेली पुन्हा घासली.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

राहिली! ठकी शाळेत राहिली!

बैठकीत मोठ्या बाई आणि संस्थेचे दोन पदाधिकारी. मोठ्या बाईंचा गोड आवाज सुरू झाला आणि मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. बाई उठल्या. मनगट पुढे केलं. "ही चावली कारण मी थांबत नव्हते. आता ती थांब म्हणते आणि मी थांबते. मला ती माझ्या वर्गात हवी आहे." पदाधिकाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "आणि उद्या तिने अभ्यासालाच नको म्हटलं तर?" बाई म्हणाल्या, "तर मला शिकवायला शिकावं लागेल." मी या बाईला कपाटाआडून टोमणे मारत होते!

पूर्ण दिवस शाळा, सोमवारपासून. येताना नवरोबांनी माझा हात धरला, भर रस्त्यात. मी काही पंजा दाखवला नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार

दप्तर भरून तयार. ठकीने तक्त्यावरून शाळेचं चित्र काढलं, टेबलावर ठेवलं, वर पंजा ठेवला. मला वाटलं, चुकलं. दोन्ही परत जागेवर लावली. तिने परत काढली, परत तशीच ठेवली. चिडलेली नव्हती, रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

ज्या शाळेसाठी मी जिवाचं रान केलं, ती.

फोन लावला. मोठ्या बाईंनीच उचलला. ठकी येणार नाही म्हटलं. "का हो, बरं नाही का तिला?"

म्हटलं, बरं आहे. ती नको म्हणाली.